उकळल्यावर एन्झाइम मरतात, मग आंबील आंबवायची कशाला?

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. सासूबाई नाचणीचं पीठ आदल्या रात्री ताकात कालवून ठेवतात, तुम्ही सकाळी पीठ शिजवून निवल्यावर वरून ताक घालता, तर फरक काय? आणि शेवटी उकळणारच असू, तर एन्झाइम उरतात कुठे?

दुसरा आधी घेते. उकळल्यावर एन्झाइम उरत नाहीत, हे तुमचं बरोबर आहे. पण ते पोटात जाण्यासाठी नाहीतच. त्यांचं काम रात्रभर भांड्यात चालतं आणि चूल पेटेपर्यंत बरंचसं उरकलेलं असतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण दाण्यातलं फायटिक आम्ल ते आणि लोह धरून ठेवतं. पीठ आंबट होऊ लागलं की दाण्यातल्या आणि जिवाणूंच्या फायटेज एन्झाइमला जोर येतो आणि ती पकड सैल होते. म्हणून सासूबाईंची रीत खरी. शिजवलेल्या पिठात ताक घालून लगेच प्यायलं तर चव छान येते, ताकाचे गुण मिळतात, पण पीठ आंबलेलं नसतं.

मोड आणलेल्या नाचणीत अॅमिलेज हे पिष्ट तोडणारं एन्झाइमही भरपूर तयार होतं. ते डोळ्यांनी बघायचं असेल तर हे करा. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड दिवस ठेवा, मोड आले की सावलीत खडखडीत वाळवा आणि न भाजता दळा. मग साध्या नाचणीच्या पिठाची चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज करा. बोट घातलं तर चटका बसेल पण पोळणार नाही इतकी निवू द्या आणि त्यात हे पीठ एक चमचा ढवळा. दहा मिनिटांत चमचा आडवा होतो. पाण्याचा थेंबही न घालता पेज सरसरीत होते आणि जिभेला किंचित गोड लागते, कारण पिष्टाच्या लांब साखळ्या तुटून साखर सुटलेली असते. माझा नातू सात महिन्यांचा असताना घट्ट खीर थुंकायचा. पाणी घालून पातळ केली की पोट भरायचं, पण अन्न कमी जायचं. या एका चमच्याने ती अडचण सुटली. बाळासाठी करताना पातळ झालेली पेज पुन्हा नीट उकळून घ्या, कारण ते पीठ कच्चं असतं.

सत्त्व करताना आपण मोडाची नाचणी खमंग भाजतो. सुवास येतो, टिकतंही जास्त, पण अॅमिलेज तिथेच संपतं. भाजलेल्या पिठाने पेज पातळ होणार नाही.

एन्झाइमच हवं असेल तर ते वेगळं काढावं लागतं, आणि तेही धान्यावरच झालं आहे. जपानात तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, साके आणि मिसो तिच्यावरच होतात. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी ती गव्हाच्या कोंड्यावर वाढवून त्यातलं डायस्टेज, म्हणजे पिष्ट तोडणारं एन्झाइम, वेगळं केलं. १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट मिळालं आणि पुढे ते पचनाचं औषध म्हणून विकलं गेलं. स्वयंपाकघरात तसं काही करायची आपल्याला गरज नाही.

आंबिलीतून बी-१२ जीवनसत्त्व मिळतं असं तुम्ही लिहिलंय, त्यावर मात्र विसंबू नका. आंबिलीतले नेहमीचे जिवाणू ते बनवत नाहीत. रक्तात कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवा.

आणि हाच मोडाचा प्रयोग ज्वारीवर करू नका. तिच्या कोंबात सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात ती त्यानेच. ज्वारीचं पीठ आंबवायला हरकत नाही.

पीठ आंबायला उन्हाळ्यात आठ तास पुरतात, थंडीत बारा लागतात. झाकण घट्ट लावू नका, वर फडकं बांधा. सकाळी ताकासारखा स्वच्छ आंबट वास यायला हवा. कुबट वास आला किंवा वर रंगीत बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरू नका, सगळंच टाकून द्या.