गावात उंदरांमुळे विषाणूची साथ आली, तर तिचं मूळ कसं शोधतात?

तुमचे प्रश्न तीन आहेत. खेडेगावात तापाने माणसं पटापट दगावू लागली आणि संशय उंदरांवर असला, तर तपास कसा होतो? रक्ताचा नमुना पाठवला की दोन दिवसांत सगळं कळत नाही का? आणि उंदीर पकडणाऱ्यांनाच लागण झाली तर?

आधी नमुन्याचं बोलू. नमुना पाठवताना तो कशासाठी तपासायचा हे सांगावं लागतं, आणि सुरुवातीला नेमकं तेच कोणाला ठाऊक नसतं. शिवाय प्रयोगशाळा फार तर विषाणूचं नाव सांगेल. तो उंदराकडून माणसाकडे कुठल्या खोलीत, कुठलं काम करताना आला, हे त्या घरात जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते तपासाचा जीव या बसण्यात आहे.

मी मालवणी मुलखात लेप्टोच्या साथींमध्ये घरोघर फिरलो आहे. लेप्टो जिवाणूमुळे होतो, विषाणूमुळे नाही. पण तोही मुख्यतः उंदरांच्या मुतातून पसरतो, म्हणून चौकशीची रीत बरीचशी तीच. सुरुवातीला मी सरळ विचारायचो, "घरात उंदीर आहेत का?" सगळीकडे एकच उत्तर, "नाय ओ, आमच्याकडे खंय उंदीर!" उंदीर आहेत म्हणणं म्हणजे घर अस्वच्छ आहे म्हणणं, असं घरच्या बाईला वाटतं. एका घरी असंच उत्तर ऐकून मी उठणार, तेवढ्यात आजीने चहासाठी गुळाचा डबा काढला. झाकणावर वीट ठेवलेली. "आजी, वीट कशाला?" असं विचारलं, तर म्हणाली, "रे झिला, रातचे झाकाण ढकलतत मेले." त्या दिवसापासून मी माझे प्रश्न बदलले. भात कणगीत ठेवता की पोत्यात? माळ्यावर शेवटचं कोण चढलं होतं? मांजर होतं, ते कधीपासून नाही? आजारी पडण्याआधीच्या पंधरवड्यात कुठली बंद खोली झाडली? मग माणसं मोकळेपणाने बोलायला लागली.

या कामाचा सगळ्यात शिकण्यासारखा दाखला अमेरिकेतला, १९९३ सालचा आहे. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एकमेकांना भिडतात, तिथल्या कोरड्या पठारावर नवाहो आदिवासी राहतात. १४ मेला एका धडधाकट नवाहो तरुणाला श्वास घेता येईना म्हणून न्यू मेक्सिकोतल्या गॅलप गावच्या इस्पितळात नेलं आणि तो लगेच गेला. लांब पल्ल्याचा धावपटू होता तो. आपल्या होणाऱ्या बायकोच्या अंत्यविधीला निघाला होता, आणि तीही काही दिवसांपूर्वी अशीच गेली होती. डॉक्टरांनी जुनी प्रकरणं चाळली, तर असेच आणखी तरुण मृत्यू सापडले. त्या भागात प्लेग अधूनमधून होतो, म्हणून आधी प्लेग तपासला. तो नाही. फ्लू नाही. विषबाधाही नाही.

नमुने अटलांटाला सीडीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेकडे गेले आणि जूनच्या सुरुवातीला उत्तर आलं: हंटाव्हायरस. यावर विश्वास बसणं कठीण होतं. हंटाव्हायरस म्हणजे आशिया आणि युरोपातला आजार. कोरियाच्या युद्धात सुमारे ३,००० सैनिकांना झाला होता. कोरियातल्या हंतान नदीवरून त्याचं नाव पडलं. तो मूत्रपिंडावर जातो, आणि इथे तर फुप्फुसांत पाणी भरून माणसं मरत होती. (आपल्याकडेही या कुळातला एक विषाणू १९६४ मध्ये वेल्लोरजवळ चिचुंद्रीत सापडला होता, थोट्टापालयम नावाचा.) म्हणजे नातं कळलं होतं, पण हा विषाणू नवा होता आणि तो कुठल्या प्राण्यात राहतो हे कोणालाच माहीत नव्हतं.

मग सापळे लागले. ७ जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुमारे १,७०० उंदीर-घुशींसारखे प्राणी पकडले. सुरुवातीला पथकाने मास्क घातले नव्हते, कारण आधीच धास्तावलेल्या वस्तीत तोंड झाकून शिरलं तर लोक आणखी घाबरतील असं त्यांना वाटलं. त्यांचा हेतू मी समजू शकतो, तरी तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. पकडलेल्यांत सर्वाधिक होता डिअर माउस, पांढऱ्या पोटाचा, मोठ्या डोळ्यांचा छोटा उंदीर, आणि त्यातल्या जवळपास ३० टक्क्यांत लागणीची खूण सापडली. त्यानंतर पथकांना मास्क वगैरे साधनं मिळाली.

पण उंदरात विषाणू सापडला एवढ्यावर तपास संपत नाही. आजारी माणसाच्या घरात उंदीर आहेत हे कळून काय उपयोग, जर निरोगी शेजाऱ्याकडेही तेवढेच असतील? म्हणून आजारी घरं, त्यांच्या जवळची निरोगी घरं आणि लांबची निरोगी घरं, अशा तिन्ही ठिकाणी सापळे लावले. आजारी घरांत उंदीर जास्त निघाले. उंदराला स्वतःला काहीच होत नाही. त्याची लघवी आणि लेंड्या सुकतात, कोणीतरी बंद खोली झाडतं, धूळ उडते आणि ती श्वासातून आत जाते.

राहिला प्रश्न, याच वर्षी का? तिथल्या विद्यापीठाचे संशोधक सेव्हिलेटा अभयारण्यात अनेक वर्षं उंदरांची मोजदाद करत होते. त्यांच्या नोंदींतून दिसलं, की कित्येक वर्षांच्या दुष्काळानंतर भरपूर बर्फ-पाऊस झाला, चारा आणि बिया माजल्या आणि मे १९९३ मध्ये उंदीर आदल्या वर्षाच्या दहापट झाले. हेच नवाहो वडीलधाऱ्यांनीही सांगितलं. पाऊस जास्त, की पिन्यॉन झाडाच्या चिलगोज्यासारख्या बिया जास्त, की उंदीर जास्त, की आजार. १९१८ आणि १९३३ सालीही असंच झालं होतं, असं ते म्हणाले. उंदीर घराबाहेरचा, त्याला घरात येऊ देऊ नये, त्याने कपड्यांना स्पर्श केला तर ते जाळावेत, अशी त्यांची शिकवण पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे.

एवढं ज्ञान असलेल्या या लोकांना त्या महिन्यांत काय सोसावं लागलं, ते वाचून संताप येतो. वर्तमानपत्रांनी आजाराला त्यांच्या जमातीचं नाव दिलं. त्यांच्या रीतीप्रमाणे मृत्यूनंतर चार दिवस गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत बातमीदार दारात उभे. विषाणूला जागेचं नाव द्यायलाही स्थानिकांनी विरोध केला. शेवटी त्याचं नाव ठेवलं 'सिन नोम्ब्रे', स्पॅनिशमध्ये 'बिननावाचा'. पुढे जुने नमुने तपासले, तर युटातल्या एका माणसाला तो १९५९ मध्येच झाला होता, असं निघालं.

दर वेळी दोष फक्त उंदराचा असेल, असं मात्र धरून चालू नये. अर्जेंटिनातल्या एपुयेन गावात २०१८-१९ मध्ये सिन नोम्ब्रेचाच भाऊबंद, अँडीज नावाचा हंटाव्हायरस, माणसाकडून माणसाकडे गेला. एका वाढदिवसाच्या समारंभापासून साखळी सुरू झाली. ३४ जणांना लागण झाली, ११ गेले. तिथे सापळ्यांपेक्षा संपर्कातल्या लोकांना वेगळं ठेवण्याने साथ थांबली.

आता पकडणाऱ्यांचं. लागण होते. १९६३ मध्ये बोलिव्हियाच्या सान होआकिन गावात 'काळा टायफस' म्हणून ओळखला जाणारा ताप शोधायला गेलेले कार्ल जॉन्सन आणि रॉन मॅकेन्झी दोघेही त्याच तापाने पडले. त्यांना पनामाला हलवावं लागलं. बरे होऊन ते परत त्याच गावात गेले. विषाणूला माचुपो नाव मिळालं, आणि घरात शिरणारा कॅलोमिस उंदीर संशयित ठरला. मग आधी अर्ध्याच गावात घरोघर सापळे लावले. त्या अर्ध्यात आजारी कमी झाले, तसे उरलेल्या गावातही लावले आणि साथ आटोपली. नमुना कितीही चांगला असला तरी एवढा स्पष्ट पुरावा तो देऊ शकत नाही.

तुमच्या गावात असं काही घडत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा, आणि पथक येईपर्यंत संशयित खोली झाडू नका. लेंड्या असलेली बंद खोली किंवा माळा पुढे साफ कराल, तेव्हा दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा आणि तोवर स्वतः बाहेर थांबा. मास्क आणि रबरी हातमोजे घालून एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या आणि मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. झाडू नको. पिंजऱ्यात उंदीर सापडलाच, तर तो मोकळ्या हवेत नेऊन ठेवा आणि वारा आपल्या पाठीकडून येईल असे उभे राहा.