पंचनाम्यात 'चक्रीवादळ' लिहायचं की 'वादळी वारा'?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलं आहे : मे महिन्यात संध्याकाळी वारं सुटलं, बेदाण्याच्या शेडचे पत्रे उडाले, शेवगा मोडून पडला. नुकसानीचा अर्ज लिहिताना कुणी 'चक्रीवादळ' लिहिलं, कुणी 'वादळी वारा'. गावात दोन्ही शब्द सर्रास चालतात. बरोबर कोणता, आणि आपल्याकडे चक्रीवादळ येतं तरी का?

अर्जात 'वादळी वारा व पाऊस' असंच लिहावं. गारा पडल्या असतील तर 'गारपीट' वेगळी नोंदवावी. त्या संध्याकाळी झालं ते चक्रीवादळ नव्हतं.

खरं तर आपल्या भागात वाऱ्यासाठी शब्दांची ददात नाही. चैत्र-वैशाखात माळावर धूळ-पाचोळा घेऊन गरगरत जाते ती वावटळ. आभाळ निरभ्र असतं, जमीन तापलेली असते आणि काही क्षणांत ती विरूनही जाते. पाऊस घेऊन येणारा सोसाट्याचा वारा म्हणजे वावधान. जत-आटपाडीकडची जुनी माणसं अजून 'वारं-वावधान सुटलं' म्हणतात. त्याच्याबरोबर येणारा पाऊस तो वळीव. दिवसभर उकडतं, दुपार कलली की ढग भरून येतात, ढगातली गार झालेली हवा एकदम खाली येते आणि जमिनीला टेकताच चहूकडे पसरते. पाऊस पोहोचायच्या आधी धुळीचा लोट येतो तो यामुळे. पत्रे उडतात तेही बहुधा याच वेळी. सगळा खेळ एखाद्या ढगाचा, फार तर तासा-दोन तासांचा. एका गावात झाडं आडवी होतात आणि शेजारच्या गावात थेंबही पडत नाही. 'वादळ' हा शब्द या सगळ्यांना सामावून घेतो, म्हणून कुठलाच खास शब्द सुचला नाही तर 'वादळ' म्हणणं कधीही चूक नाही.

'चक्रीवादळ' मात्र नेमका शब्द आहे आणि तो नेमकाच राहावा असं मला मनापासून वाटतं. वारा गरगरला म्हणून चक्रीवादळ होत नाही, तसं असतं तर वावटळीलाही ते म्हणावं लागेल. चक्रीवादळ समुद्रावरच जन्मतं. त्यासाठी समुद्राचं पाणी बऱ्याच खोलीपर्यंत साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं लागतं. वाफ वर जाते, तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, खाली दाब उतरतो आणि आजूबाजूची हवा आत धावते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही हवा सरळ न येता वळत येते. आपल्या उत्तर गोलार्धात हे चक्र घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. विषुववृत्ताला अगदी लागून हे वळण मिळत नाही, म्हणून तिथे चक्रीवादळं होत नाहीत. ऐन पावसाळ्यात उंचावरचे वारे इतके जोरात असतात की ढगांचा हा मनोरा उभाच राहत नाही. म्हणून अरबी समुद्रात ती मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. ऑगस्ट 2019 चा कृष्णेचा महापूरही चक्रीवादळाने आणलेला नव्हता.

इंग्रजीतला 'सायक्लोन' हा शब्द घडवला कलकत्त्यातल्या हेन्री पिडिंग्टन यांनी, 1840 च्या दशकात. त्यांच्या मनात ग्रीक शब्दामागचं सापाचं वेटोळं होतं. अटलांटिकमधलं हरिकेन आणि पश्चिम पॅसिफिकमधलं टायफून ही याच गोष्टीची दुसरी नावं. समुद्र बदलला की नाव बदलतं.

आता प्रतवारी, कारण मराठी बातम्यांत खरा घोळ तिथे आहे. हवामान खातं वाऱ्याच्या वेगावर पायऱ्या ठरवतं. ताशी 31 किलोमीटरच्या आत असेल तर कमी दाबाचं क्षेत्र, 31 ते 49 असेल तर डिप्रेशन, 50 ते 61 असेल तर डीप डिप्रेशन. 62 ला पोहोचलं की चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते इथे. पुढे 89 पासून तीव्र, 118 पासून अतितीव्र, त्यावर आणखी एक पायरी आणि 220 च्या पुढे सुपर सायक्लोन. ऑक्टोबर 1999 मध्ये ओडिशावर आलेलं वादळ या शेवटच्या पायरीचं होतं. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. त्यामुळे 60 आणि 120 यांतला फरक आकड्यांवरून वाटतो त्याहून कितीतरी मोठा असतो.

डिप्रेशनला काही बातम्यांत 'कमी तीव्रतेचे कमी दाबाचे क्षेत्र' म्हणतात. दोनदा 'कमी' वाचून कुणालाही वाटेल की हे साध्या कमी दाबाच्या क्षेत्राहून सौम्य. प्रत्यक्षात ते एक पायरी वरचं आहे. डीप डिप्रेशनला 'अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र' म्हणतात आणि 118 च्या वरच्या चक्रीवादळालाही 'अतितीव्र'च. एकच विशेषण दोन पायऱ्यांना लावलं की वाचणाऱ्याने काय समजायचं? त्यापेक्षा 'डिप्रेशन' आणि 'डीप डिप्रेशन' देवनागरीत लिहिलेलं मला बरं वाटतं. शेतकरी ते शब्द रोज ऐकतात आणि बरोबर समजतात.

प्रश्नाचा दुसरा भाग याच्याशीच जोडलेला आहे. चक्रीवादळाचा पुरा जोर सांगली-साताऱ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. जमिनीवर आलं की खालून मिळणारी वाफ तुटते आणि वारा पडत जातो. सर्वांत जास्त जीव घेणारं समुद्राचं उधाण तर किनाऱ्यापुरतंच. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, तसा वारा आपल्या वाट्याला येत नाही. आपल्या वाट्याला पाऊस येतो. वाऱ्याचा जोर ओसरला तरी वर साठलेला ओलावा संपलेला नसतो.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हे दिसलं. बंगालच्या उपसागरातलं डीप डिप्रेशन 13 तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगण ओलांडून आपल्याकडे सरकलं आणि पंढरपूर-सोलापूरसह सांगलीच्या पूर्व भागाला झोडपून अरबी समुद्रात उतरलं. त्याला चक्रीवादळ म्हणून नाव मिळालं नव्हतं, कारण त्याचा वारा 62 ला पोहोचलाच नाही. पण तो द्राक्षाच्या फळछाटणीचा हंगाम होता. कोवळ्या फुटीवर, नुकत्या निघालेल्या घडांवर पाऊस बसला की डाऊनी हा बुरशीसारखा रोग येतो, घड कुजतात, आणि बागेत पाणी असल्याने फवारणीचा ट्रॅक्टर आत घालता येत नाही. पायऱ्या वाऱ्याच्या आहेत, पावसाच्या नाहीत. म्हणून 'चक्रीवादळाचा जोर ओसरला, आता डिप्रेशन' अशी बातमी आली की तासगाव-कवठेमहांकाळच्या बागायतदाराने निर्धास्त होऊ नये. त्याच्यासाठी 'डिप्रेशन' हाच जास्त महत्त्वाचा शब्द आहे.

लेखनाविषयी थोडं. 'चक्रीवादळ' एकच शब्द म्हणून जोडून लिहावा. 'चक्री वादळ' असं तोडू नये. वादळ समुद्रात असताना 'घोंघावतं', किनाऱ्याला 'धडकतं', जमिनीवर 'विरतं' किंवा 'ओसरतं'. ही क्रियापदं मराठीत छान रुळली आहेत, तीच वापरावीत. वादळांची नावं वेगवेगळ्या देशांनी सुचवलेली असतात, त्यामुळे ती एकेका वर्तमानपत्रात वेगळी दिसतात. 2021 च्या मे महिन्यातलं नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ एक जातीची पाल. ते आपल्याकडे 'तौक्ते', 'तोक्ते' आणि 'ताउते' असं तिन्ही प्रकारे छापलं गेलं. मूळ उच्चाराला 'ताउते' जवळचं आहे, पण मराठीत 'तौक्ते' रुळलं, आणि आता तेच लिहिलं तर हरकत नाही.