फिरत्या बरणीत तेल आणि पाणी यांच्यातली सीमा कशी वळते?

तुम्ही विचारलंय की बरणीत खाली पाणी, वर तेल असताना ती स्वतःभोवती गरगर फिरवली, तर जड असलेलं पाणी कडेला तेलापेक्षा जास्त चढेल का?

नाही. तेलाचा वरचा पृष्ठभाग जेवढा खोलगट होतो, अगदी तेवढीच मधली सीमाही होते. एकात एक बसवलेल्या दोन सारख्या वाट्याच जणू! मला हे फार सुंदर वाटतं. खाली ओढणारं गुरुत्व आणि बाहेर ढकलणारा परिणाम, दोन्ही घनतेच्याच पटीत असतात, त्यामुळे घनता गणितातून निघूनच जाते. मध्यापासून कडेपर्यंतची चढण म्हणजे कडेच्या वेगाचा वर्ग भागिले गुरुत्व त्वरणाची दुप्पट. १० सेंमी रुंदीची बरणी मिनिटाला ७८ फेऱ्यांनी फिरवली (जुन्या ग्रामोफोन तबकडीचा वेग), तर चढण येते साधारण साडेआठ मिलिमीटर.

मात्र थोडं थांबा. सुरुवातीला भिंतीलगतचं द्रव आधी फिरतं, मधलं मागे राहतं, आणि दोन्ही थर एकाच गतीने वेग घेत नाहीत. तोवर आकार वेगवेगळे दिसतात. पाण्यात शाईचा थेंब टाकलात तर सीमा छान दिसेल.

वेग प्रचंड वाढवला की दोन्ही वाट्या जवळजवळ उभ्या होतात, मग जड द्रव भिंतीला आणि हलकं मध्यभागी. डेअरीतल्या यंत्रात हलकी साय मध्यभागातून निघते ती यामुळेच.