पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केली तर नोकरी मिळते का, की सगळं काम अभियंत्यांकडेच जातं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतर पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी का, आणि "या क्षेत्रात खरं काम इंजिनियर करतात, एम.एस्सी.वाले फक्त सॅम्पल आणतात" असं एक सिनियर म्हणतात ते खरं का. पहिल्याचं उत्तर: करा. दुसरं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

माझी पहिली नोकरी एका पर्यावरण सल्लागार कंपनीत होती. कंपनीची स्वतःची लॅब होती. आमचे साहेब सिव्हिलचे बी.ई., नंतर पर्यावरण अभियांत्रिकीत एम.ई. माणूस हुशार, ईटीपीचं, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचं डिझाइन तोंडपाठ. पण डिझाइनच्या चर्चेत एम.एस्सी.वाल्यांपैकी कोणी तोंड उघडलं की "तुम्ही रिपोर्ट द्या, अर्थ आम्ही लावतो" हे ठरलेलं.

एकदा एका कारखान्याच्या ईटीपीच्या आउटलेटचा रिपोर्ट आला: सीओडी 62, बीओडी 81 (मिलिग्रॅम प्रति लिटर). सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन; बीओडी म्हणजे त्यातली जिवाणूंना खाता येणारी घाण खाताना ते ओढतात तो ऑक्सिजन, म्हणून तो सीओडीपेक्षा कमी असायला हवा. लॅबमध्ये काम केलेला माणूस हे आकडे बघून जागीच थबकेल. बीओडी सीओडीच्या वर जातोच कसा? साहेब म्हणाले, लॅबने घोळ घातलाय, परत लावा. परत लावला, आकडे तसेच. डायल्युशन वॉटर, ब्लँक, सीड, चाचणीत चूक होऊ शकते अशा सगळ्या जागा तपासून झाल्या. मग साहेबांनी निष्कर्ष काढला की सीओडीच चुकलाय; बीओडी 30 च्या मर्यादेच्या पुष्कळ वर आहे, म्हणजे प्लँटला हवा कमी पडतेय, तर दुसरा एरेशन टँक सुचवू. ड्रॉइंग सुरूसुद्धा झालं.

मला एम.एस्सी.चा मायक्रोबायोलॉजीचा पेपर आठवत होता. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू भरपूर ऑक्सिजन ओढतात, दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण 4.57 मिलिग्रॅम. बीओडीच्या बाटलीत हा ऑक्सिजन मोजला जातो. सीओडीतलं डायक्रोमेट मात्र अमोनियाला हात लावत नाही, त्यामुळे तिकडे त्याचा पत्ताच लागत नाही. कच्च्या सांडपाण्यात हे जिवाणू कमी असतात, म्हणून चाचणीच्या तीन दिवसांत त्यांचा फारसा परिणाम दिसत नाही. चांगल्या चाललेल्या प्लँटच्या आउटलेटमध्ये ते आयतेच तयार असतात.

मी आधी अमोनिया मोजायला सांगितला. तो 25 च्या आसपास निघाला. मग त्याच सॅम्पलच्या अर्ध्या बाटल्यांत एटीयू घातलं, म्हणजे अलाइलथायोयुरिया, ज्याने हे जिवाणू थंड पडतात, आणि सगळ्या बाटल्या 27 अंशांवर तीन दिवस ठेवल्या. टायट्रेशनच्या, म्हणजे बाटलीत उरलेला ऑक्सिजन मोजायच्या दिवशी कॅल्क्युलेटर हातात घ्यायची गरजच पडली नाही. साध्या बाटल्यांचा निळा रंग थायोसल्फेटच्या थोड्याच थेंबांत उडाला, कारण ऑक्सिजन जवळपास संपलेला होता. एटीयूवाल्यांचा निळा काही केल्या जाईना, ब्युरेट खाली खाली चालली. एटीयूसकट बीओडी आला 19.

म्हणजे प्लँट उत्तम चालला होता. कामगार वसाहतीचं सांडपाणी ईटीपीत सोडलेलं होतं, अमोनिया तिथून येत होता, आणि त्याची मर्यादा 50 असल्यामुळे तोही नियमातच होता. दुसऱ्या टँकची गरज नव्हती. साहेबांनी क्लायंटच्या मीटिंगमध्ये हे सगळं अगदी नीट समजावून सांगितलं. ही तपासणी कोणी सुचवली, हे मात्र सांगितलं नाही. हे मला आजही खटकतं आणि मी ते लपवत नाही. आपल्याकडे सांडपाण्याची जैविक प्रक्रिया जिवाणूंच्या जोरावर चालते. त्या जिवाणूंचा अभ्यास करून आलेल्यांना "सॅम्पल आणणारे" म्हणणं हा अडाणीपणा आहे, मग म्हणणारा कितीही शिकलेला असो.

आता अभ्यासक्रमाबद्दल. तो पसरट आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ. चार सेमिस्टरमध्ये परिसंस्था, हवा, पाणी, घनकचरा, विषशास्त्र, जैवविविधता, कायदे, ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास), जीआयएस (संगणकावरचं नकाशांचं विश्लेषण), संख्याशास्त्र असं सगळं येतं आणि बऱ्याच ठिकाणी एकही विषय तळापर्यंत जात नाही. हा विषय सोपा समजला जातो त्याचं एक कारण म्हणजे सक्तीचा पेपर. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, पुढे यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांना तो विषय लावला. हेतू उत्तम होता. पण ज्या शिक्षकाचा वर्कलोड कमी पडतो त्याला तो विषय देऊन टाकायचा, मुलांनी प्रोजेक्टची वही आणून द्यायची, असा प्रकार सर्रास झाला. त्यामुळे पर्यावरण म्हणजे निबंध लिहायचा विषय, अशी समजूत घट्ट बसली. तुमच्या सिनियरची समजूतही बहुधा तिथूनच आली असावी.

नोकऱ्या कुठे आहेत? लॅबमध्ये आहेत, लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची बघा, म्हणजे आयएसओ 17025 या प्रयोगशाळांच्या मानकाची शिस्त अंगी लागते. ईआयएमध्ये आहेत: 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेखाली येणाऱ्या प्रकल्पांचे अहवाल नॅबेट (सल्लागारांना मान्यता देणारं मंडळ) मान्यताप्राप्त सल्लागार करतात आणि त्यात हवा, पाणी, परिसंस्था, भूवापर अशा प्रत्येक विषयाचा वेगळा तज्ज्ञ लागतो. तिथे एम.एस्सी.वाल्यांना नाव आणि सही दोन्ही मिळतात. कारखान्यांच्या पर्यावरण विभागात आहेत. तिथे कन्सेंटचं (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीचं) काम, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, 30 सप्टेंबरपर्यंत भरायचा फॉर्म 5 (कारखान्याचं वार्षिक पर्यावरण विवरणपत्र), ऑनलाइन मॉनिटरिंगचे आकडे, हे सगळं सांभाळावं लागतं. सेबीने 2022-23 पासून सर्वांत मोठ्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल सक्तीचा केल्यापासून उत्सर्जनाचा हिशोब येणाऱ्या माणसांना मागणी आहे. तिथे सध्या एमबीएवाल्यांची गर्दी आहे. पण स्कोप 1 चा, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनाचा आकडा कोणत्या बॉयलरमधून आला हे विचारायला बॉयलर पाहिलेला माणूस लागतो.

तुम्ही रसायनशास्त्राचे आहात, ही जमेची बाजू. माझ्या मते जीआयएस, एअर मॉडेलिंग किंवा उपकरणांवरचं विश्लेषण यातलं एक काहीतरी पक्कं करून बाहेर पडा. "सगळं थोडं थोडं येतं" म्हणणाऱ्या उमेदवाराला मी स्वतः मुलाखतीत पुढच्या फेरीत पाठवत नाही. विभाग निवडताना लॅब दाखवा म्हणा. बीओडी इनक्युबेटर चालू आहे का, आत बाटल्या आहेत का, हे डोळ्यांनी बघा. शेवटच्या सेमिस्टरचा प्रबंध मुलं स्वतः सॅम्पलिंग करून लिहितात का, हे तिथल्याच मुलांना विचारा, प्राध्यापकांना नको.

एक राहिलं, आणि ते साहेबांच्या बाजूने जातं. प्लँटचं डिझाइन करून त्यावर सही करायची असेल तर अभियांत्रिकीच लागते, त्याला पर्याय नाही. सरकारी भरतीतही काही पदांना अभियांत्रिकीचीच अट असते, म्हणून प्रवेश घेण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या जाहिराती काढून पात्रता वाचा. सुरुवातीचा पगार कमी असतो आणि दोन-तीन वर्षं उन्हातान्हात फिरावं लागतं. शिवाय मी हे सगळं लॅब आणि सल्लागार कंपन्यांच्या अनुभवावरून लिहितेय. प्राध्यापकी किंवा संशोधनात जायचं असेल तर नेट आणि पीएच.डी.चा हिशोब वेगळा, तो त्या वाटेने गेलेल्याला विचारा.

आणि डिझाइनची ओढ नंतर लागली तर दार बंद होत नाही. 2021 पासून गेटमध्ये (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत) 'एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनियरिंग' हा वेगळा पेपर आहे आणि काही संस्था एम.एस्सी.नंतर एम.टेक.ला घेतात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षीच तो देऊन टाका, अभ्यास ताजा असतो.