कार्टून, व्यंगचित्रपट की सचेतनपट?

नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या सोसायटीत गणपतीत एका संध्याकाळी लहानमोठे सगळे मिळून आजवरचं सगळ्यात भारी कार्टून मतदानाने ठरवणार आहेत, तर खाली लॉबीतल्या फळ्यावर नेमकं लिहायचं काय. कुणीतरी 'सार्वकालिक सर्वश्रेष्ठ व्यंगचित्रपट' असं लिहून टाकलं होतं, त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हरकत घेतली की व्यंग म्हणजे शरीरातला दोष, पोरांच्या कार्यक्रमाला असला शब्द नको, आणि कॉलेजला जाणारी एक मुलगी म्हणाली सचेतनपट लिहा, अ‍ॅनिमेशनसाठी तोच शुद्ध शब्द आहे.

ताई, फळ्यावर सरळ 'कार्टून' लिहा. का ते सांगतो, पण जरा लांबेल.

काकांचं अर्धं बरोबर आहे. व्यंग म्हणजे वि अधिक अंग, अंगात काहीतरी उणं. पण व्यंगचित्रातला शब्द मुळात व्यंग्य आहे, शेवटी य असलेला, आणि तो वेगळ्या घरातला, व्यक्त, व्यंजना, अभिव्यक्ती ही त्याची भावंडं. काव्यशास्त्रात शब्दाचा सरळ अर्थ तो वाच्य आणि आडून सुचवलेला तो व्यंग्य. बोलताना तो य आपण गिळतो, मग लिहितानाही गेला, आणि दोन वेगळे शब्द एकसारखे दिसायला लागले. म्हणून व्यंगचित्रकार कुणाच्या शारीरिक दोषाचं चित्र काढतो असं अजिबात नाही, तो न बोलता काहीतरी सुचवतो. चेहऱ्याची ठेवण वाढवून काढलेल्या चित्राला आपल्याकडे अर्कचित्र असा फार सुंदर शब्द आहे, माणसाचा अर्क काढलेला, आणि शि. द. फडणीसांच्या चित्रांसारखं निखळ हसवणारं असेल तर हास्यचित्र. इतके बारीक फरक करणारे शब्द घरात असताना सगळं व्यंगचित्रात कोंबू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि व्यंगचित्रपट इथे बसत नाही याचं कारणही हेच. टॉम जेरीच्या मागे धावतो, वाटेत तोंडावर तवा बसतो आणि तोंड तव्याच्या आकाराचं होतं, ह्यात आडून सुचवलेलं काय आहे, सगळं समोरच आहे की. शिवाय जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेलं अ‍ॅनिमेशनमधलं रामायण घ्या, त्यात राम वनवासाला निघतो तेव्हा गळा दाटून येतो, त्याला व्यंगचित्रपट म्हणायला कुणाचीही जीभ रेटणार नाही.

आता कार्टून. हा शब्द मूळचा हसण्याचा नाहीच. इटालियन कार्तोने म्हणजे जाड कागद. भिंतीवर चित्र रंगवायच्या आधी चित्रकार त्याच मापाचा कच्चा आराखडा मोठ्या कागदावर काढायचे, तो कार्टून. १८४३ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या नव्या इमारतीतल्या भित्तिचित्रांसाठी अशा आराखड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा 'पंच' साप्ताहिकाने जॉन लीच यांचं एक बोचरं चित्र 'कार्टून नंबर १' म्हणून छापलं, एकीकडे उपाशी गरीब लोक आणि दुसरीकडे भिंतीवरच्या चित्रांचा थाट, आणि तिथून हा शब्द टीका करणाऱ्या चित्राला चिकटला. पुढे ती चित्रं हलायला लागली तरी नाव तेच राहिलं. म्हणजे त्यांनी कागदावरून नाव ठेवलं आणि आपण कापडावरून, कारण चित्रपटातला पट म्हणजे कापड, चित्रपट म्हणजे मुळात चित्र काढलेलं वस्त्र. मला ही जुळणी फार आवडते.

सचेतनपट सुचवणाऱ्या मुलीचं मात्र कौतुक करा, तिला शब्दाचा कान आहे. सचेतन म्हणजे जिवंत, आणि अ‍ॅनिमेशनच्या मुळाशीही लॅटिन आनिमा आहे, श्वास, जीव. आणि आपल्या संस्कृतात अन् हा धातू, श्वास घेणे, त्यावरून प्राण, त्यावरून अनिल. आनिमा आणि प्राणातला हा अन् एकाच मुळाचे आहेत! सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून जातात, त्यातली एकेक घेतली तर मेल्यासारखी स्तब्ध, ओळीने पळवल्या की उंदीर श्वास घ्यायला लागतो. हिंदीत कुणी कुणी अनुप्राणन म्हणतात, त्यात तर तो प्राण उघडच दिसतो. लेखात, अभ्यासात सचेतनपट जरूर वापरावा. पण फळ्यावर वाचून सहा वर्षांचं पोर आईला विचारेल की हे काय असतं, आणि आई म्हणेल अरे कार्टून रे, मग आधीच कार्टून लिहिलेलं काय वाईट. मराठीने तो शब्द कधीच आपला केलाय, कार्टून लागलंय, कार्टून बंद कर आणि जेव, मित्राला 'काय कार्टून आहेस रे तू', इंग्रजीत कुणी ह्या शब्दाला एवढा लळा लावत नाही.

सार्वकालिक तेवढं पुसा. ते ऑल टाइमचं भाषांतर आहे, त्यात उद्या येणारी कार्टूनंही मोडतील. 'आजवरचं' म्हटलं की झालं. आणि 'सर्वांत' लिहिणार असाल तर अनुस्वार हवा, सर्वांमध्ये असा अर्थ आहे. तेव्हा 'आजवरचं सर्वांत भारी कार्टून'.

आणखी एक, शब्द ठरला की स्पर्धेत कोण बसतं तेही आधी ठरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी भांडणं होतील. १९९४ मध्ये अमेरिकेत जेरी बेक यांनी अ‍ॅनिमेशनमधल्या साधारण हजार जणांना विचारून ५० सर्वोत्तम कार्टूनची यादी केली, त्यात अट होती की कार्टून अर्ध्या तासाच्या आतलं हवं, त्यामुळे मोठे सिनेमे सगळे बाहेर राहिले. पहिलं आलं चक जोन्स यांचं १९५७ चं 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?', जेमतेम सात मिनिटांचं, त्यात बग्ज बनी चक्क ऑपेरा गातो. तुमच्याकडे सिनेमा आणि छोटं कार्टून अशा दोन पेट्या ठेवल्यात तर उत्तम.

छोट्याच्या पेटीत माझी एक चिठ्ठी टाका. 'एक अनेक और एकता', १९७४, फिल्म्स डिव्हिजनचं, विजया मुळे यांनी केलेलं, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. लहान भाऊ ताईला विचारतो अनेक म्हणजे काय, आणि ताई व्याख्या सांगत बसत नाही, बोट करून दाखवते, सूर्य एक, चंद्र एक, तारे अनेक. शब्दाचा अर्थ इतका स्वच्छ सांगितलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.