विमानाचे पॅराशूट आणि वैमानिकाचा निर्णय

प्रश्न : काही लहान खासगी विमानांत संपूर्ण विमानालाच खाली उतरवणारे पॅराशूट असते, असे वाचले. त्याचे कार्य कसे चालते? ते असूनही अशा विमानांच्या अपघातांत माणसे का दगावतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हँग ग्लायडरसह (खाली लटकून उडवायच्या इंजिनविरहित पंखासह) सुमारे 400 फूट खाली कोसळूनही बचावलेल्या बोरिस पोपोव्ह यांनी 1980 मध्ये अमेरिकेत अशी पॅराशूट बनवणारी कंपनी स्थापन केली. पुढे 1998 मध्ये प्रमाणित झालेल्या चार आसनी 'सिरस एसआर20' विमानात ही सोय मूळ रचनेतच आली. विमानाच्या छतातील लाल हँडल जोर लावून ओढले, की सामानकक्षामागचे घनइंधनाचे रॉकेट पेटते आणि घडी घातलेले पॅराशूट बाहेर खेचून नेते. विमानाच्या बाह्य आवरणाखाली दडवलेले पट्टे ते आवरण फाडून मोकळे होतात आणि विमान त्यांना टांगले जाते. पॅराशूट एकदम फुलले तर झटक्याने फाटेल, म्हणून त्याच्या दोऱ्यांवरून सरकणारी कडी त्याचे उघडणे क्षणभर लांबवते. त्यानंतर विमान मिनिटाला सुमारे 1,700 फूट या वेगाने उतरते. जमिनीवर बसणारा धक्का साधारण 12 फुटांवरून पडल्यासारखा असतो आणि त्याचा बराचसा भार चाके व आसनांखालची जाळीदार रचना झेलते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पॅराशूट उघडायला उंची लागते : सरळ उड्डाणात सुमारे 400 फूट, तर विमान गरगरत कोसळत असेल तर 900 फुटांहून अधिक. वेगालाही मर्यादा आहे; सुरुवातीच्या सिरस विमानांत 133 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 246 किलोमीटर, इतक्या वेगापर्यंतच त्याची चाचणी झालेली होती. इंजिन बंद पडल्यावर वैमानिक शेत किंवा रस्ता शोधत राहतो, विमान वाचवता येईल अशी आशा धरतो आणि हँडलकडे हात जाईपर्यंत उंची संपलेली असते. काही अपघातांत तर हँडल ओढलेच गेले नव्हते. म्हणूनच नंतरच्या प्रशिक्षणात पॅराशूट हा शेवटचा नव्हे, तर आधीच ठरवून ठेवलेला पर्याय म्हणून शिकवला जाऊ लागला, आणि हा बदल मला पॅराशूटच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. वैमानिक बेशुद्ध पडल्यास प्रवाशालाही हँडल ओढता येते. तेव्हा अशा विमानात बसण्याचा योग आला तर ते कुठे आहे आणि कसे ओढायचे, हे उड्डाणापूर्वीच विचारून घ्यावे.