आधी प्रबंध, मग विषय

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. कॉम्प्युटर सायन्सच्या एमएससीला ऐच्छिक विषय कोणते घ्यावेत, यावर दोन पानं! मशीन लर्निंगला गर्दी फार, कॉम्प्युटर व्हिजनचे गुण हात आखडून देतात, क्रिप्टोग्राफीतलं गणित झेपेल का... आणि प्रबंधाबद्दल एवढंच, की "तो उन्हाळ्यात बघू." त्या अर्ध्या ओळीमुळे लिहायला बसले.

जरा हिशेब कर. तुझा एमएससीचा अभ्यासक्रम ब्रिटिश पद्धतीचा, म्हणजे १८० क्रेडिटचा. एका क्रेडिटला साधारण दहा तासांचं काम धरतात. तुझ्याकडे १२० क्रेडिट वर्गातल्या विषयांचे आणि ६० प्रबंधाचे आहेत. सहाशे तास तू 'बघू'वर सोडलेस. नुसत्या १२० क्रेडिटवर थांबलीस तर पदव्युत्तर डिप्लोमा मिळतो, एमएससी नाही. एखाद्या विषयात उत्तीर्ण व्हायला लागणारे ५० टक्के थोडक्यात हुकले, तर पुष्कळ विद्यापीठं ठरावीक मर्यादेत सांभाळून घेतात. प्रबंधाला ती सवलत सहसा नसते. मग आधी कशाचा विचार करायचा?

आधी प्रबंध, मग विषय.

अमेरिकेतली मैत्रीण प्रबंधाशिवाय पदवी घेते आहे म्हणतेस. घेऊ दे. तिथे बहुतेक ठिकाणी तीसेक क्रेडिट, चारपैकी ३.० ची सरासरी आणि थिअरी, सिस्टिम्स, एआय अशा गटांतून काही ना काही घेण्याची अट असते. प्रबंध अनेकदा ऐच्छिक. तिचे नियम तुला लागू नाहीत. सीनियरने सांगितलेलेही नाहीत, कारण नियम दरवर्षी बदलू शकतात. तुझ्या प्रवेशवर्षाची पुस्तिका काढ आणि स्वतः वाच. कंटाळवाणी असते, मान्य.

आता तू म्हणशील, काही शिकायच्या आत प्रबंधाचं कसं ठरवू? प्रबंधाचा विषय कुठे ठरवायला सांगते आहे मी? एक प्रश्न लिही, एका वाक्यात. समज, तुला पाहायचंय की डेटाबेस अनेक मशिनांवर पसरला की सर्वांत संथ एक टक्का विनंत्या इतक्या का रखडतात. मग डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स हवं, ऑपरेटिंग सिस्टिम्स पक्कं हवं आणि संख्याशास्त्र तर हवंच. नाहीतर तीन मिलिसेकंदांचा फरक खरा की योगायोगाचा, हे कशावरून सांगशील? कॉम्प्युटर व्हिजनचा प्रश्न इथेच मिटला. तुझी दोन पानं एका वाक्याने वाचली असती!

प्रश्न लवकर ठरण्याचे व्यवहारी फायदेही आहेत. माणसांवर चाचणी करायची असेल तर नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याआधी लागते; मागाहून घेऊन चालत नाही. डेटासेट वापरायची परवानगी आहे का, ते आधी कळतं. जीपीयूच्या, म्हणजे जड आकडेमोड करणाऱ्या सामायिक यंत्रांच्या, रांगेत सगळे उभे राहायच्या आत तुझे प्रयोग उरकतात. आणि सुपरवायझर! चांगल्या सुपरवायझरकडच्या जागा भराभर संपतात. मला हवे होते ते मिळाले नाहीत, ती चुटपुट अजून आहे.

माझे विद्यार्थी मला हटवादी म्हणतात. प्रश्नचिन्ह नसलेला प्रस्ताव मी परत पाठवते म्हणून. "ब्लॉकचेनचा शेतीत वापर" हा प्रश्न नाही, फलकावरचं शीर्षक आहे. एकाने तर माझी तक्रारही केली होती. करू दे. ज्याच्याकडे प्रश्न असतो त्याचा प्रयोग फसला तरी प्रबंध उभा राहतो: काय तपासलं, का जमलं नाही, हे सांगता येतं, आणि परीक्षक पद्धतीलाही गुण देतात. नुसतं सॉफ्टवेअर बांधत बसलेल्याचं सॉफ्टवेअर चाललं नाही, की त्याच्याकडे लिहायला काही उरत नाही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मऊ बोलणं मला जमत नाही. जमवायचंही नाही.

तू हुशार आहेस, ते सांगण्यात शाई घालवत नाही. अवघड विषयाला घाबरू नकोस एवढंच. प्रश्नाला लागत असेल तर क्रिप्टोग्राफी घे, लागत नसेल तर सोपा म्हणूनही काही घेऊ नकोस. आधी प्रबंध, मग विषय.

ऐच्छिक विषयांची यादी मला पुन्हा पाठवू नकोस. नोंदणीची मुदत संपायच्या आत ते एक वाक्य पाठव. कच्चं असलं तरी चालेल, खोडायला मी आहे.

तुझी,
मॅडम